क्लिफर्डची लोकर

फोन करण्याआधी क्लिफर्ड शेरेट जिन्याच्या शेवटच्या पायरीवर नुसता बसून राहिला. वरच्या खोलीत चष्मा राहिला होता, तो आणायला गेला आणि खाली आला, एवढंच झालं होतं. पण छातीचा भाता अजून हलत होता. तोंड मिटून, नाकाने, हळूहळू त्याने तो भाता शांत केला. केसांवरून हात फिरवला, घसा खाकरला आणि मगच नंबर फिरवला. स्वयंपाकघरात रश्श्यासाठी बटाटे सोलत उभी असलेली त्याची बायको एनिड हे सगळं दाराच्या फटीतून बघत होती.

पलीकडून विमा कंपनीची नर्स बोलत होती. तिने आधी तब्येत विचारली असणार, कारण क्लिफर्ड म्हणाला, "उत्तम. आपली काही कुरकुर नाही, डक."

एनिडच्या हातातली सुरी थांबली.

इंग्लंडातल्या स्टोक या भांड्यांच्या गावात पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत जो तो समोरच्याला लाडाने 'डक', म्हणजे बदक, म्हणतो, त्यात नवल नव्हतं. 'कुरकुर नाही' हेही तिथे रोजचंच. माणूस एकशेचारच्या तापात असो की नुकताच बायकोला पुरून आलेला असो, कसा आहेस विचारलं की उत्तर ठरलेलं. ऐकणाराही स्टोकचाच असतो, त्यामुळे तो आवाजावरून, डोळ्यांवरून खरं काय ते समजून घेतो. पण ही नर्स दक्षिणेकडची होती. तिने ऐकलं तसं लिहून घेतलं.

पुढचं सगळं त्याच सुरात झालं. खोकला? असतो थोडा, इथे सगळ्यांनाच असतो. चालणं? रोजचं आहे, दर शनिवारी चढण चढून ओटची धिरडी आणायला जातो. सिगरेट? छे, मी चॅपेलचा माणूस, आमच्यात ओढत नाहीत. डॉक्टर? जातो अधूनमधून, नाहीतर त्यांना वाईट वाटेल. यावर पलीकडची बाई हसली असावी. क्लिफर्डही हसला, पण बेताने, कारण हसलं की खोकला सुटतो.

"झालं," फोन ठेवून तो म्हणाला. "भली बाई होती."

एनिडने पुढचा बटाटा उचलला. तो आधीच सोललेला होता. तिने तो परत सोलला.

सगळी गोष्ट सुरू झाली होती गॉर्डनमुळे. गॉर्डन हा एनिडच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. लोकांना पेन्शनचा सल्ला देणं हे त्याचं काम. क्लिफर्डला पासष्ट पुरी झाली तेव्हा तो येऊन, चहा घेत, बोटांवर मोजून समजावून गेला होता. कारखान्यात नोकरीभर जी रक्कम साठली, ती एकदाच विमा कंपनीच्या हवाली करायची. मग माणूस जगेल तोवर कंपनीने त्याला दरमहा पेन्शन द्यायची. माणूस गेला की पेन्शन बंद, आणि उरलेले पैसे कंपनीचे. पण बायकोचं नाव घातलं, तर नवऱ्यामागे तिलाही मिळत राहतं. त्यासाठी आधीपासूनच थोडं कमी घ्यावं लागतं. आणि एकदा सही झाली की ती जन्माची सही. मागे फिरता येत नाही.

"आणि काका, एक महत्त्वाचं," गॉर्डन म्हणाला होता. "तब्येत खराब असेल तर कंपनी जास्त देते. कारण तिला कमी वर्षं द्यावं लागणार असतं. म्हणून नर्सला सगळं सांगायचं. लपवायचं नाही, लाजायचं नाही."

"मला काय झालंय?" क्लिफर्ड म्हणाला होता, आणि गॉर्डनने मावशीकडे बघितलं होतं. मावशीने चहाच्या भांड्याकडे.

क्लिफर्डला काय झालं होतं ते गावाला ठाऊक होतं. पंधराव्या वर्षी तो बेसिनं आणि संडासची भांडी बनवणाऱ्या कारखान्यात शिरला आणि कारखाना बंद पडेपर्यंत तिथेच राहिला. मातीची पातळ राबडी साच्यात ओतायची, ती घट्ट झाली की साचा उघडायचा, भांडं वाळू द्यायचं आणि मग त्याच्या कडा घासून गुळगुळीत करायच्या. त्या घासण्यात पिठासारखी पांढरी धूळ उडायची. भुवयांवर, कानांत, डब्यातल्या पावावर. संध्याकाळी कामगार घरी निघाले की बेकरी सुटल्यासारखं वाटायचं. ती धूळ अंगावरून धुतली जायची, छातीतून नाही.

पण काम त्याला प्राणापलीकडे आवडायचं. "अर्ध्या इंग्लंडने माझ्या हातच्या भांड्यावर बूड टेकलंय," असं तो पाहुण्यांत म्हणायचा आणि एनिड छताकडे बघायची. कुठेही चहाला गेला की आधी कप उलटा करून तळाचा छाप बघायचा, कुठल्या कारखान्याचा, कुणाच्या हातचा. स्टोकच्या माणसाची ती खोडच आहे. स्वतःच्या लग्नाच्या जेवणात त्याने असाच भरलेला कप उलटला होता आणि नव्या सुटाची विजार भिजवून घेतली होती. एनिडची आई त्यावेळी म्हणाली होती की पोरगा प्रामाणिक दिसतोय, डोकं मात्र बेताचंच आहे.

एनिडही भांड्यांतलीच. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं ती एका कपबशांच्या कारखान्यात पारख करायची. प्रत्येक बशी बोटांच्या टोकांवर तोलायची आणि छोट्या लाकडी दांडीने हलकेच टोकायची. खणखणीत वाजली तर अव्वल. बद्द वाजली तर कुठेतरी चीर, मग डोळ्याला दिसो न दिसो. ती बाजूला. बारीकसारीक खोट असलेला माल सेकंड म्हणून कारखान्याच्या दारात स्वस्तात विकला जायचा. शेरेटांच्या घरातली झाडून सगळी भांडी सेकंडच होती. कुठे फुलाची एक पाकळी कमी, कुठे सोनेरी रेघ जाड-बारीक.

अशी बाई, आणि नवऱ्याची छाती बद्द वाजते हे तिला कळलं नसेल? कळलं होतं. पण ते शब्दांत आणायचं म्हणजे ते खरं करायचं, असं तिला वाटत आलं होतं.

दहा-बारा दिवसांनी कंपनीचा कागद आला. त्यात पेन्शनचा आकडा होता, धडधाकट माणसाचा, आणि तोही एकट्या क्लिफर्डपुरता. बायकोचं नाव घातलं तर हातात अगदीच चणे-फुटाणे येत होते, म्हणून त्याने ते घातलंच नव्हतं. ही गोष्ट त्याने एनिडला त्याच वेळी सांगितली, चहात साखर ढवळत, सहज.

"पण काळजी नको. मी आहे ना. वडील नव्वद जगले माझे."

वडील गाडीवान होते. उघड्या हवेत. हे एनिड बोलली नाही.

"बघ, काय लिहिलंय," तो म्हणाला. "सर्वसाधारण प्रकृती. म्हणजे अव्वल माल. सेकंड नाही." कागद त्याने घड्याळामागे खोचला. सोमवारी गॉर्डन येणार, तेव्हा त्याच्यासमोर सही करायची असं ठरलं.

त्या दिवसापासून एनिडचं कशात लक्ष लागेना. गॅसची शेगडी पुसून झाली की पुन्हा पुसायची. पाणी उकळत ठेवायची आणि परसात जायची. प्रार्थनेला गुडघे टेकायची आणि शब्द अर्ध्यातच सुटायचे, कारण नेमकं काय मागायचं हेच तिला कळेना. तिचा स्वभाव मागण्याचा नव्हता. चॅपेलच्या जत्रेत केकचं वजन ओळखायची स्पर्धासुद्धा ती खेळत नसे; नशिबावर पैसे लावणं ते नशिबावर पैसे लावणंच, मग केक कितीही चांगल्या कामासाठी असो.

क्लिफर्ड परसात कबुतरांना दाणे टाकायला गेला तेव्हा तिने गॉर्डनला फोन लावला आणि दबक्या आवाजात विचारलं की काकाने सगळं सांगितलं नाही हे कंपनीला आपण कळवू शकतो का. गॉर्डन म्हणाला की नाही, ते त्याच्याच तोंडून यायला हवं. त्याने सांगितलं तर कंपनी डॉक्टरांना विचारेल. त्याने सांगितलंच नाही तर ती विचारणारही नाही. सही होण्याआधी फोन केला तर अजून सगळं बदलेल, मावशीचं नावसुद्धा चांगल्या आकड्यात बसेल. सहीनंतर नाही.

मग एनिडच्या मनात खुपत होतं ते तिने विचारलं. "गॉर्डन, ही पैजच नाही का रे? तो लवकर जाणार असं कंपनीने म्हणायचं, आणि आपण म्हणायचं हो, तसंच आहे, म्हणून जास्त द्या?"

"पैज तर काका आत्ताही लावतोच आहे, मावशी," गॉर्डन म्हणाला. "फक्त तो म्हणतोय की मी पंचाण्णव जगणार. आणि डावावर तुझं पोट लावतोय."

हे तिला पटलं नाही, पण टोचलं. "मग मी देवाकडे मागू काय?" तिने विचारलं. "ते पाद्र्याला विचार, मावशी," पेन्शनचा सल्लागार म्हणाला.

दुसरीही एक अडचण होती, ती तिने गॉर्डनलाही सांगितली नाही. हा विषय तिने काढायचा म्हणजे कसा काढायचा? तू गेल्यावर माझं काय, असं जिवंत, समोर बसून धिरडं खाणाऱ्या नवऱ्याला विचारायचं? बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे स्वतःपुरतं काही मागितलं नव्हतं. लोकर मात्र न मागता मिळायची.

ते लोकरीचं असं होतं. दोनेक वर्षांपासून क्लिफर्ड शनिवारी धिरडी घेऊन आला की पिशवीत कधी कधी लोकरीचा एखादा गुंडा असायचा. निळा, राखी, एकदा तर पिवळाधमक. "तुला," म्हणायचा आणि पुढे काही नाही. एनिडला विणता येत नव्हतं. बोटं आखडल्यापासून शिकायची शक्यताही नव्हती. पण उतारवयात माणसाला बायकोसाठी काहीतरी घ्यावंसं वाटतं, आणि बापड्याला काय घ्यावं कळत नाही, एवढा अर्थ तिने काढला होता आणि त्यात ती सुखी होती. गुंडे तिने पलंगाखालच्या कप्प्यात कापूर टाकून जपून ठेवले होते. अलीकडे ते दर आठवड्याला यायला लागले होते.

त्या शनिवारी पाऊस आणि थंडी एकदम आली. क्लिफर्ड सकाळपासून खोकत होता, म्हणून धिरडी आणायला एनिडच निघाली. धिरड्यांचं दुकान चढणीच्या माथ्यावर. वाटेत अर्ध्यावर मिसेस मेचिनचं लोकरीचं दुकान लागतं. एनिड त्यावरून पुढे गेली तोच दार उघडून मिसेस मेचिनने हाक मारली.

"मिसेस शेरेट, साहेब बरे आहेत ना? आज आले नाहीत, म्हणून विचारलं. मी खुर्ची काढून ठेवली होती."

"कसली खुर्ची?"

मिसेस मेचिनला वाटलं, एनिडला ठाऊक असणार. ती साधेपणाने सांगत गेली. पहिल्यांदा ते बाहेरच काचेपाशी उभे राहायचे, सुयांचे नमुने बघत. बराच वेळ. तिला वाटलं, काहीतरी घ्यायचंय पण पुरुषमाणूस लाजतोय, म्हणून तिने आत बोलावलं. आत आल्यावर कळलं की त्यांना दम लागलाय, ओठ निळे पडलेत. तेव्हापासून ती काउंटरच्या आत खुर्ची ठेवते. ते बसतात, दम खाली बसला की उठतात. पण तसे कधी गेले नाहीत हो, मिसेस मेचिन म्हणाली, जाताना दर वेळी एक गुंडा घेतात. मी कितीदा म्हटलं नका घेऊ. एकदम सज्जन माणूस.

खुर्ची तिथे होती. लाकडी, पाठीला हाताने विणलेली उशी.

एनिड चढणीवर गेली, धिरडी घेतली, उतरून घरी आली. वाटेत कोण भेटलं, काय बोललं, तिला आठवेना. घरी येऊन तिने पलंगाखालचा कप्पा उघडला आणि जमिनीवर बसली. निळा, राखी, पिवळा. प्रत्येक गुंडा म्हणजे एकेक शनिवार. त्या शनिवारी हा माणूस अर्ध्या चढणीवर हवेसाठी तडफडला होता आणि घरी येऊन 'तुला' म्हणाला होता. अलीकडचे गुंडे वर होते आणि ते पुष्कळ होते.

रविवारी चॅपेलमध्ये पीककापणीच्या आभाराची प्रार्थना होती. वेदीपाशी भोपळे, कांदे, कुणी तरी डबाबंद मटारसुद्धा ठेवले होते. क्लिफर्ड नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत, खर्जाच्या गायकांत. त्याचा खर्ज एकेकाळी बाकं हलवायचा. एनिडने त्याला आधी ऐकलं होतं, पाहिलं नंतर. भजन सुरू झालं तेव्हा तिने डोळे मिटले आणि पारख करताना लावायची तसा कान लावला. एकेक आवाज बाजूला करत गेली. हा खाटीक, हा शाळेचा शिपाई, हा बेसूर तो खजिनदार. क्लिफर्डचा आवाज कुठेच नव्हता. तिने वळून पाहिलं. पुस्तक हातात, मान वर, ओठ हलत होते. नुसतेच हलत होते.

किती दिवस असं चाललंय, हे तिला माहीत नव्हतं. पुढचं प्रवचन तिने ऐकलं नाही. देवा, मला बोलायला तोंड दे, एवढं एकच तिने मागितलं, आणि बऱ्याच दिवसांनी तिचं मागणं पूर्ण वाक्यात झालं.

दुपारी क्लिफर्ड हात धुऊन जेवायला बसला तेव्हा टेबलावर ताटांच्या जागी लोकर होती. सगळी.

त्याने लोकरीकडे बघितलं, मग बायकोकडे. "आज हेच आहे का? निदान सॉस तरी दे."

"मला विणता येत नाही, क्लिफ."

"शिकशील म्हटलं."

"मिसेस मेचिनने काल तुझी खुर्ची काढून ठेवली होती."

क्लिफर्डने एक गुंडा उचलला, तळाशी छाप असावा तसा उलटा करून बघितला आणि परत ठेवला. मग तो रागाने बोलला. "मग काय, तिच्या दुकानात फुकट बसायचं? दुकानात शिरलं की माणसाने काहीतरी घ्यायला नको?"

"ते तू त्या नर्सला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? की मी लोकर घेतो?"

"की तुला चढवत नाही."

त्याने खुर्ची मागे सरकवली. मग एर्नी बूनचा विषय निघाला. तो निघणारच होता. एर्नी त्याच्या शेजारच्या ओट्यावर काम करायचा. कारखान्यात छातीचे फोटो काढायची गाडी यायची तेव्हा सगळे सांगायचे, उत्तम, कुरकुर नाही. एर्नीने एकदा खरं सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या हातातून काम काढून घेतलं आणि आवारात झाडू दिला, पगार निम्मा. साच्यांचा एवढा मोठा कारागीर पानं गोळा करायचा आणि जुने सोबती जाताना दुसरीकडे बघायचे. त्या दिवशी आम्ही सगळे शिकलो, क्लिफर्ड म्हणाला. त्या गाडीतल्या बाईचा आवाज आणि या नर्सचा आवाज एकच आहे.

"एर्नीचं काम गेलं होतं," एनिड म्हणाली. "तुझं कारखान्याबरोबरच गेलंय. आता तुझं कोण काय काढून घेणार?"

"मी जन्मभर अव्वल माल काढला, एनिड. आता शेवटी स्वतःच्या हाताने स्वतःवर सेकंडचा शिक्का मारू?"

एनिडने कपाटाकडे हात केला. "त्यातली एक तरी बशी अव्वल आहे का? बेचाळीस वर्षं जेवतोयस त्यात. कधी अन्न कडू लागलं?"

तो हसू आवरत होता, की खोकला, ते कळलं नाही. खोकलाच निघाला. तो थांबेपर्यंत ती उभी राहिली, आणि मग जे तिला इतके दिवस बोलता येत नव्हतं ते ती लोकरीकडे बघत बोलली.

"तुझ्यामागे मी काय खाऊ, क्लिफ? ही लोकर?"

रश्श्याचं झाकण शेगडीवर खडखडत होतं. क्लिफर्ड उठला, टोपी घेतली आणि परसात गेला. कबुतरांच्या खुराड्यापाशी पावसात तसाच उभा राहिला, पाठ करून. एनिडने गॅस बंद केला, परत लावला, परत बंद केला. आपण फार बोललो असं तिला वाटलं. फारच कमी बोललो असंही वाटलं. त्याचे खांदे हलताहेत का, तो पडत तर नाही ना, हे ती खिडकीतून दर क्षणाला बघत होती आणि तिने बघितलेलं त्याला कळू नये म्हणून पडदा पुन्हा सारखा करत होती.

तो आत आला तेव्हा टोपीतून पाणी गळत होतं. "तू उपाशी राहशील असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं," तो म्हणाला. "मी नसेन, असंच मनात येत नाही, तर पुढचं कुठून येणार?" मग थोड्या वेळाने, भांड्यातून स्वतःच रस्सा वाढून घेत, "पण मला तसलं बोलता येत नाही. त्या बाईला सांगू तरी काय?"

"खुर्चीबद्दल सांग."

सोमवारी सकाळी एनिडने आधी गॉर्डनला निरोप दिला की सही आज नाही. क्लिफर्डने चष्मा चढवला, नंबरचा कागद घेतला आणि सवयीने जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून श्वास जिरवायला लागला.

"नाही," एनिड म्हणाली. "आधी वर जाऊन ये."

"आता वर काय राहिलंय माझं?"

"काही नाही. जाऊन ये फक्त."

त्याने तिच्याकडे असं बघितलं की जणू ती त्याला उघडं करून रस्त्यावर पाठवतेय. मग कठडा धरून गेला. वर पलंग करकरला, म्हणजे तो मध्येच बसला असावा. खाली आला तेव्हा छातीत शीळ वाजत होती. तसाच त्याने नंबर फिरवला.

नशिबाने तीच नर्स होती. तिने विचारलं, कसे आहात आज, मिस्टर शेरेट.

"तसं उत्तम," क्लिफर्ड म्हणाला. "कुरकुर—"

दारात उभ्या एनिडने डोळे मिटले.

शब्द पुरा झाला नाही. श्वासच पुरला नाही. पलीकडची बाई थांबली होती. तिला ती शीळ ऐकू गेली असणार. क्लिफर्डने कठड्याला डोकं टेकलं.

"थांबा, डक," तो म्हणाला. "ते आम्ही असंच म्हणतो. त्याला काही अर्थ नसतो. खरं सांगायचं तर मला एका दमात लोकरीच्या दुकानापर्यंतच जाता येतं... नाही, मी विणत नाही. बसतो तिथे."

आणि मग तो बोलला. अडखळत, मध्येच थांबत, पण बोलला. एनिडला वाटलं होतं तिला सगळं माहीत आहे. तिला माहीत नव्हतं की ती झोपली की तो उठून खुर्चीत बसून झोपतो, आणि ती जागी व्हायच्या आत परत येऊन आडवा होतो. तिला माहीत नव्हतं की डॉक्टरने त्याला मोठ्या इस्पितळात जायची चिठ्ठी दिली होती आणि ती त्याने भजनाच्या पुस्तकात घालून ठेवली होती. गाणं सुटलं हे सांगताना त्याचा आवाज पहिल्यांदा कापरा झाला. नर्सने पेन्शनच्या कामासाठी ते विचारलंही नव्हतं. नर्स नुसती हं, हं म्हणत होती आणि तो सांगत होता. इतकं खरं त्याने आपल्याला कधी सांगितलं नाही, याचं एनिडला वाईट वाटलं. आणि तो ते सांगतोय, याचा आनंदही झाला. दोन्ही एकदम झाल्यामुळे ती नुसतीच ॲप्रनचं टोक पिळत राहिली.

पुढे ती चिठ्ठी घेऊन एनिड त्याला इस्पितळात घेऊन गेली, कंपनीने डॉक्टरांकडून कागद मागवले, आणि हिवाळा लागता लागता नवा कागद आला. त्यात एनिडचं नाव होतं, आणि तरी आकडा आधीच्या एकट्याच्या आकड्याच्या वर होता. गॉर्डन खुशीत होता. क्लिफर्डने कागद लांब धरून बघितला.

"सेकंडला अव्वलपेक्षा जास्त भाव," तो म्हणाला. "धंद्यात असा प्रकार पहिल्यांदाच बघतोय." आणि सही केली, मोठी, वळणदार, साच्याच्या तळाशी करायचा तशी. एनिडला त्या सहीकडे बघवेना. कुठल्याशा शहरात कुठल्याशा शिकलेल्या माणसाने हिशोब मांडून तिच्या नवऱ्याला किती वर्षं दिली होती, ते त्या आकड्यात होतं. किती दिली, हे गॉर्डनला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. तिने विचारलं नाही.

त्या रविवारी तिला प्रार्थना सापडली. पैजेचा डाग राहिलाच असेल तर तो तिच्या माथी असो, पण ती कंपनी या व्यवहारात बुडू दे, देवा. त्यांचा हिशोब साफ चुकू दे. त्यांना दर महिन्याला हळहळ वाटू दे की या क्लिफर्ड शेरेटला आपण इतकं का कबूल केलं. दुसऱ्याचं नुकसान मागायचं नसतं हे तिला कळत होतं. तरी तिने ते दर रविवारी मागितलं, आणि बुधवारच्या सभेतही.

शनिवारी आता ती त्याच्याबरोबर जाते. मिसेस मेचिनने दुसरी खुर्ची काढलीय. क्लिफर्डची शीळ खाली बसेपर्यंत एनिड सुया घेऊन बसते. बोटं दुखतात, टाके सुटतात, पण घरात लोकर आहे ती आहे. हात सुयांवर असतात, कान शेजारी. शीळ जरा लांबली की टाका चुकतो, थांबली की सुया थांबतात, पुन्हा सुरू झाली की सुयाही. गेल्या वेळी क्लिफर्डने तिच्या हातातला अर्धवट विणलेला पिवळाधमक गळपट्टा घेतला, उलटा केला आणि मागची बाजू चष्म्याजवळ धरून नीट तपासली.

"सेकंड आहे," तो म्हणाला.

"गळ्यात तुझ्याच यायचाय," एनिड म्हणाली, पट्टा ओढून घेतला आणि पुढची ओळ सुरू केली.